मंगळावरचा काजरा

शुक्रवारचा बाजार आटपून कृष्णनाथ म्हापशाच्या स्टँडकडे चालला होता. हातात पिशवी, पिशवीत पडवळ, अर्धं पडवळ पिशवीबाहेर, आणि डोक्यात काही नाही. डोक्यात काही घेऊन जो शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात शिरतो तो कुणाच्या तरी सुक्या बांगड्यांच्या पाटीत पाय घालतो. टीव्हीच्या दुकानासमोर नेहमीची फुकटी गर्दी होती. काचेआड रंगीत टीव्ही, टीव्हीत मंगळ. लालभडक माती, पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर, आणि चंदेरी कपड्यातला हिरो हातात झेंडा घेऊन उभा. येत्या रविवारी सकाळी बघा, असं कुणीतरी हिंदीत गरजलं. गर्दीतला एकजण वळून ओरडला, "आरे, हे आमचे मास्तर मरे! मंगळवाले!" चार माना वळल्या. कृष्णनाथनं हसायला म्हणून तोंड उघडलं आणि तेवढ्यात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, हिरोच्या बुटापलीकडे, त्याला धूर दिसला. बारीक, सरळ, निवांत धूर. सोप्यावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या बोटांतून निघतो तसा. क्षणभर दिसला, मग साबणाची जाहिरात लागली. मंगळावर हवा नसल्यातच जमा, आणि आहे तिच्यात काडी पेटायची नाही, हे मालिकावाल्यांना त्यानंच सांगितलं होतं. मालिकेच्या शेवटी 'विज्ञान सल्लागार' म्हणून नाव येणार होतं तेही त्याचंच. पण घाम फुटला तो त्यामुळे नाही. तो धूर कुणाचा, हे त्या अख्ख्या बाजारात त्या एकट्याला माहीत होतं.

घरी आला तेव्हा शालिनीनं, त्याच्या बायकोनं, आधी मोडलेलं पडवळ बघितलं आणि मग त्याचं तोंड. "कुणाशी भांडलात?" "धूर दिसला," तो म्हणाला. "खंय?" "मंगळार." शालिनीनं पडवळ उचलून आत नेलं. शूटिंग झाल्यापासून ह्या घरात मंगळाविषयी कुणी पुढचा प्रश्न विचारत नसे. जनेलाशी, खिडकीच्या उजेडात, अभ्यास करत बसलेल्या सिद्धीनं मात्र मान वर केली. सिद्धी त्याची भाची, सत्यवतीबायची मुलगी. अकरावी सायन्सला, त्याच्याच शाळेत, त्याच्याच घरी राहून. तिला सायन्सला घालायला त्यानं बहिणीशी वाद घातला होता, आणि बहिणीनं शेवटी "तू म्हणटाय तर तसां" म्हणून पोरगी त्याच्या हवाली केली होती. ही लहान असताना त्यानं तिला काचेच्या पेल्याखाली मेणबत्ती ठेवून दाखवली होती. ज्योत लांबली, बारीक झाली, तिनं मान टाकली. पोरगी टाळ्या वाजवायचं सोडून रडायलाच लागली. "तिका वारो मेळूक ना गो," त्यानं समजावलं, "वारो ना तर उजो ना." मग दिवसभर ती पेला उपडा घालून मेणबत्त्या मारत बसली होती, संध्याकाळी वीज गेली तेव्हा लावायला घरात एक उरली नाही. "मामा, कसलो धूर?" आता तिनं विचारलं. "स्टँडारच्या बसचो आसतलो," तो म्हणाला, आणि आपल्या आवाजातला मास्तर त्याला स्वतःलाच ऐकू आला.

मुळात त्याला सल्लागार केलं बाबलीनं. बाबली म्हणजे सत्यवतीचा नवरा. कारापूरच्या पलीकडे बंद पडलेल्या खाणीवर राखण करायचा. खनिज संपलं, कंपनीनं यंत्रं उचलली, मागे राहिला एक लाल खड्डा, आणि तो खड्डा कुणी चोरून नेऊ नये म्हणून बाबली. मग मुंबईहून मालिकावाले आले. त्यांना मंगळ पाहिजे होता आणि स्वस्तात पाहिजे होता. डायरेक्टर लालवानी खड्ड्याच्या काठावर उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. धूळ होती, पण लालवानीला वाटलं, कला आहे. सल्ला द्यायला मुंबईचे एक मोठे शास्त्रज्ञही ठरले होते. ते गोव्यापर्यंत आलेसुद्धा, पण कळंगुटला समुद्राकाठी उतरले आणि तिथून पुढं मंगळापर्यंत काही पोचले नाहीत. तेव्हा बाबली अदबीनं म्हणाला, "साहेब, आमचो मेवणो आसा. फिजिक्स." लालवानीनं एवढंच विचारलं, चष्मा लावतो का? बाबली म्हणाला, लावतो. झालं.

सल्लागाराला एक कदेल, म्हणजे खुर्ची, मिळाली, कदेलीवर छत्री मिळाली, चहा तर मागायच्या आधी मिळायचा. सल्ला तेवढा कुणी घेत नव्हतं. "सर, रॉकेट जाताना आवाज येणार नाही, पोकळीत आवाज नसतो." लालवानी छातीवर हात ठेवून ऐकायचा. "क्या बात है मास्टरजी! बहुत गहरी बात." आणि रॉकेटला आवाज लावायचा खनिजाच्या ट्रकचा, चढावर पहिल्या गिअरमध्ये रडणाऱ्या. "सर, मंगळावरून पृथ्वी एवढी मोठी दिसत नाही. एक ठिपका दिसते." "ठिपका दाखवला तर लोकांना आपला देश कुठाय ते कसं कळणार?" मंगळवासी म्हणून वाड्यावरचेच पोरगे हिरवे रंगवले होते. त्यांना लालवानी म्हणाला, काहीतरी आपल्या भाषेत बोला. बिचाऱ्याला काय माहीत, ते दिवस गोव्यात कुणाला 'आपल्या भाषेत बोल' म्हणायचे नव्हते. राजभाषेचा कायदा नुकता झालेला, पाट्यांवर फासलेलं डांबर अजून ओलं. अर्धे मंगळवासी म्हणाले, बोलू तर मराठीत. अर्धे म्हणाले, कोंकणीत. हिरव्या हातांनी हिरव्या गचांड्या धरल्या गेल्या. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंच्या शिव्या एकाच बोलीत चालल्या होत्या आणि एकमेकांना अगदी नीट कळत होत्या. निकाल द्यायला सल्लागाराला बोलावलं. "मंगळार कोणूच ना," तो म्हणाला, "म्हणजे भाशाय ना." त्याबरोबर दोन्ही पक्ष एक झाले आणि त्याच्या अंगावर आले. शेवटी लालवानीनं ते भांडणच टेप केलं आणि उलटं वाजवलं. फार छान झालं, असं सगळे म्हणाले. कृष्णनाथ कदेलीवर जाऊन बसला. रुमालात नाक शिंकरलं तर रुमाल लाल. आपण इथं काय करतोय हे त्याला कळत नव्हतं, आणि नाव टीव्हीवर येणार म्हणून उठवतही नव्हतं.

त्या खड्ड्याच्या काठावर एक काजरा होता. एकटाच. कृष्णनाथला त्या झाडाची ओळख सांगायची गरज नव्हती. त्यांचं मूळ घर पेडण्याकडे, कोरगावला. आई गेली तेव्हा कृष्णनाथ दुसरीत. सत्यवती लग्न होऊन कारापूरला आली ती धाकट्या भावाला बरोबर घेऊनच. लोक म्हणायचे, बाबलीला बायकोबरोबर मुलगा फुकट मिळाला. खाण तेव्हा नव्हती. डोंगर होता, काजू होते, आणि डोंगराच्या वाटेवर हा काजरा, राखणदाराचा, म्हणजे त्या जागेच्या देवाचा. फळं दिसायला गोजिरी, नारिंगी, आणि आत वीख. दर बुधवारी सत्यवती केळीच्या पानावर रोट बांधून द्यायची आणि कृष्णनाथ तो झाडाखाली ठेवून यायचा. रोट, एक केळं, आणि पेटती बिडी. बिडी ओढल्याशिवाय पेटत नाही, तेव्हा आयुष्यातला पहिला झुरका त्यानं राखणदाराच्या नावानं घेतला. घरी येऊन खोकला तर सत्यवतीनं तोंडाचा वास घेतला आणि म्हणाली, "देवाच्या बिडयेचो एक झुरको चलता. दोन घेशीत तर पाय मोडीन." फिजिक्स शिकला, चष्मा लागला, तेव्हा तो एकदा तिला म्हणाला की बिडी विझते ती राखणदार ओढतो म्हणून नाही. सत्यवती तांदूळ निवडत होती. "तू ओढ मगे," एवढंच म्हणाली. पुढं खाण आली. डोंगर गेला, काजू गेले, झर गेली. पण बुलडोझरवाला काजऱ्यापाशी आला की इंजीन बंद करायचा, उतरायचा, आणि वळसा घालायचा. सुपरवायझर ख्रिश्चन, इंजिनीयर परदेशात शिकून आलेला. त्यांनीही वळसाच घातला. कागदावरचा नकाशा सरळ होता आणि खड्ड्याचा काठ तेवढ्या जागी वाकडा.

ते वाक्य आपण कसं उच्चारलं, हे कृष्णनाथ गेले कित्येक महिने आठवायचा. अंघोळीला बालदीत पाणी सोडताना, वर्गात फळा पुसताना. दुपार होती. लालवानी दमला होता, खुशीत होता. "मास्टरजी, आपकी एक भी बात नहीं मानी. आज एक मानूंगा. बोलो." सगळे थांबले. मेकअपवाला, कॅमेरावाला, हिरवे पोरगे, सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्याच्या पोटात काहीतरी गोड हललं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्यानं चष्मा वर केला, वर्गात करतो तसा, आणि काठावर बोट दाखवलं. "मंगळावर झाड नसतं." एवढं आठवायचं स्वच्छ. पुढचं वाक्य होतं, 'कॅमेरा जरा डावीकडे घ्या.' होतं म्हणजे त्याच्या डोक्यात होतं. तोंडातून बाहेर आलं की नाही, ते मात्र काही केल्या आठवत नव्हतं. कधी वाटायचं, आलं, पण जनरेटरच्या आवाजात बुडालं. कधी वाटायचं, म्हणायचं म्हणून श्वास घेतला आणि तेवढ्यात लालवानी "वाह! साइंस!" म्हणून टाळी वाजवून मोकळा झाला, आणि मग ती टाळी पुसायचा धीर झाला नाही. रात्रंदिवस शिकवणारा माणूस. अर्धं वाक्य बोलून कधी थांबला नव्हता.

झाड तोडायला केरबा आला. चंदगडकडचा, गोव्यात बांधकामावर राबणारा, कुऱ्हाड चालवायलाही जायचा. झाड बघून त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. "ह्यो जाग्यावाला हाय. आमच्या गावाकडं असतोय. इच्यारल्याबगार हात लावणार न्हाई." विचारायचं म्हणजे गाऱ्हाणं घालायचं, आणि ते गावच्याच माणसानं घालायचं. लालवानीला वाटलं, मुहूर्ताचा काहीतरी प्रकार. त्यानं नारळ मागवला. बाबलीला पुढं ढकललं. बाबलीची नोकरी खाणीची, खाणीनं जागा दिलेली लालवानीला; तो घामाघूम होऊन झाडापुढं उभा राहिला, हातात नारळ, आणि सुरू झाला, "बा देवा राखणदारा, म्हाराजाऽ!" हिरवे पोरगे लहानपणापासूनची सवय, एका सुरात म्हणाले, "होय म्हाराजा!" "आज ह्या मंगळार जी शुटिंग चलली आसा, म्हाराजा..." "होय म्हाराजा!" "तेका ह्या रुखाची आडखळ जाता अशें जाणट्यांचें म्हणणें, म्हाराजा..." "होय म्हाराजा!" बाबली अडखळला. त्यानं मेवण्याकडे तिरकं बघितलं, आणि भीतीनं माणूस जे खरं असतं तेच बोलून जातो तसा बोलला, "हे आमी करिना, हे आमचे सायन्साचे सल्लागार कृष्णनाथ मास्तर, हेंच्या सांगण्याखातीर चल्लां. काय चुकलां माकलां आसत तर तां तेंच्याच पदरात घाल रे म्हाराजा!" "होय म्हाराजाऽऽ!" लाइटवाले म्हणाले, मेकअपवाला म्हणाला, लालवानीसुद्धा म्हणाला, हौसेनं. कृष्णनाथला हसू आलं. आत्तासुद्धा त्याला स्वच्छ आठवायचं की त्याला हसू आलं होतं. नारळ फुटला तेव्हा पाणी त्याच्या चष्म्यावर उडालं, आणि काच पुसून होईपर्यंत केरबाचा पहिला घाव पडला होता.

सत्यवती संध्याकाळी आली. कुणी सांगितलं कोण जाणे. बुंध्याजवळ उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला. लाल धूळ बसलेल्या कापावर बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. मग भावाकडे. तो म्हणाला, "बाय, हांव म्हणपाक जातालों, कॅमेरा..." ती घरी निघून गेली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही. रागावली असती, शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. सत्यवतीच्या शिव्यांवर तर तो वाढला होता. ह्या न बोलण्यात राग दिसतच नव्हता. चवथीला तो गेला. तिनं पान वाढलं, नेहमीपेक्षा जास्तच वाढलं, आणि त्याच्या पुढ्यात उभं राहून सिद्धीला म्हणाली, "तेका विचार, आनीक शीत जाय?" तो म्हणाला, नको. "तेका सांग, पातळ झालां शरीर." त्या मधल्या महिन्यांत गोव्याचं राज्य झालं, फटाके वाजले, मिरवणुका निघाल्या, म्हापशाच्या चौकातली कापडी कमान पावसात भिजून लोंबायला लागली. सगळं त्याच्या बाहेर झालं. आत तो अर्धं वाक्य घेऊन बसला होता. आता दिवाळी तोंडावर आली होती. ह्या वर्षी भाऊबीजेला तिनं बोलावलं नाही तर? आईच्या मागं तिनंच घास भरवलेला. जगात त्याला 'नाथा' म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. आणि रविवारी तिच्याच घरी, बाबलीनं हौसेनं घेतलेल्या टीव्हीसमोर, सगळा वाडा त्याचं नाव बघायला जमणार होता. त्यानं मुंबईला ट्रंककॉल लावून लालवानीला सांगितलं, माझं नाव काढा. लालवानी गहिवरला. "इतनी विनम्रता! मास्टरजी, अब तो नाम बड़े अक्षरों में जाएगा."

धुराचं कोडं त्याला शुक्रवारीच सुटलं होतं. झाड गेलं, पण सत्यवतीचे बुधवार चालूच राहिले. केळीचं पान आणि पेटती बिडी ती बुंध्यावर ठेवत राहिली. झेंड्याचा शॉट बुधवारी झाला असणार. तेव्हा तो शाळेत होता, मंगळाला कंटाळून पोरांना भिंगं समजावत. कॅमेरावाल्याला पान दिसलं नसेल, किंवा दिसलं असेल आणि त्यानं लालवानीला विचारलं असेल, आणि लालवानी म्हणाला असेल, ज्वालामुखी. आता ही बिडी अख्ख्या देशाला दिसणार, खाली त्याचं नाव. आणि सत्यवतीला दिसणार.

रविवारी तो आणि सिद्धी बसनं गेले. सोप्यावर मेज, मेजावर टीव्ही, टीव्हीला हार. सगळा वाडा खाली बसलेला, कृष्णनाथसाठी पुढ्यात कदेल. कौलांवर अँटेना फिरवायला एकाला चढवला होता. "आयलां?" "ना!" "आता?" "मुंग्यो दिसतत!" "आता?" "आयलां, आयलां, हालू नाका!" त्यामुळे तो मालिका संपेपर्यंत अँटेना धरून कौलांवर तसाच राहिला. टीव्ही काळापांढरा. लाल मंगळ राखेसारखा दिसत होता. ट्रकचा आवाज करत रॉकेट आलं. उलटं भांडण सुरू झालं तशी वाड्यानं टाळ्या वाजवल्या, आणि गंमत अशी की उलटं असूनही कोण कुणाला काय म्हणाला ते सगळ्यांना कळलं. "हे आमच्या साईशान दिल्ली गाळ मरे!" सत्यवती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. कृष्णनाथला ती दिसत नव्हती, मानेला मात्र कळत होती. मग झेंडा आला. हिरो सरळ उभा राहिला. आणि कोपऱ्यात, बुटापलीकडे, काळ्या मातीवर पांढरा धागा निघाला. रंगीत टीव्हीवर दिसला त्याहून स्वच्छ. कॅमेरा हलला नाही. धूर चढत राहिला, वाकला नाही, तुटला नाही.

"ती बिडी मरे," बाबली हळूच म्हणाला. मागे उभ्या असलेल्या केरबानं डोक्याचं मुंडासं काढलं. "हाय तो. गेला न्हाई." कुणीतरी हात जोडले, मग दुसऱ्यानं, मग म्हाताऱ्या बायकांनी, सगळा वाडा मंगळाला हात जोडून बसला, आणि त्या धुरावरूनच अक्षरं सरकायला लागली. विज्ञान सल्लागार. खाली त्याचं नाव. मोठ्या अक्षरांत. कुणाचं लक्षच नव्हतं.

"नाथा."

त्याला वाटलं, टीव्हीतून आलं. तो वळला. सत्यवती पुढं आली होती, पदर डोक्यावर, अगदी त्या दिवशीसारखा.

"नाथा, तू म्हणटाय थंय वारो ना. वारो ना तर उजो ना. आमच्या चेडवाक तूच शिकयलंय. मागीर ती बिडी पेटली कशी?"

सगळे वळले. केरबा, बाबली, हिरव्या पोरग्यांतला साईश. कौलांवरच्यानंही वरून विचारलं, "कितें म्हणटा ती?" कृष्णनाथला उत्तर माहीत होतं. बाय, हा मंगळ नाही. हा आपला खड्डा, वारा आपला, बिडी तू ठेवलेली. अगदी सोपं, चौथीच्या पोराला कळेल असं. पण हा मंगळ नाही म्हटलं, की मग झाड कशासाठी तोडलं, हा पुढचा प्रश्न त्या उत्तराच्या पोटातच होता. तिच्या तोंडाकडे बघून त्याला कळेना, तिला उत्तर पाहिजे की पुढचा प्रश्न विचारायला जागा पाहिजे. पहिल्या ओळीत जमिनीवर सिद्धी बसली होती, मान वर करून, पेल्याखाली ज्योत बघत बसायची तशी. त्यानं चष्मा वर केला. पोटात तेच गोड काहीतरी हललं, आणि त्याला त्याची किळस आली, आणि तरी तो बोलला. ह्या खेपेला वाक्य पुरतं बाहेर आलं.

"राखणदाराक वारो लागना, बाय."

बायकांनी सुस्कारा सोडला. केरबा म्हणाला, "बगा, सल्लागारच सांगत्यात." सत्यवती त्याच्याकडे बघत राहिली, तो खरं बोलतोय की नाही हे वासानं ओळखायची तशी. मग तिचे डोळे भरले की काय, तिनं तोंड फिरवलं. "च्या करतंय," ती म्हणाली, सिद्धीला नाही, त्यालाच. "आनी भाऊबीजेक वेळार ये. गेल्या वर्सासारको दोनपारां येव नाको." उतरायची परवानगी मागत कौलांवरून आवाज आला, "आता देवू?" बाबली ओरडला, "देव रे!" सगळे हसले. कृष्णनाथही हसला. चहात आलं जास्त झालं होतं, त्याला आवडतं तेवढं.

परतीच्या बसमध्ये सिद्धी जनेलाशी बसली. अस्नोडा मागं पडला. त्यानं विचारलं, दमलीस? तिनं मान हलवली. त्यानं सांगितलं, आईनं तुझ्यासाठी नेवऱ्या दिल्यात. बरं, म्हणाली. मग बाहेरच बघत तिनं विचारलं, "मामा, फाल्यां आठवीच्या पोरांक तो पेल्याचो प्रयोग दाखयतलो मरे तू?"

"दाखयतलंय."

"मेणवात विझतली?"

कंडक्टर समोर येऊन उभा राहिला. कृष्णनाथनं खिशात हात घातला, दोन म्हापसा म्हणाला, सुटे पैसे मोजून दिले, तिकिटं घेतली, घडी घालून नीट खिशात ठेवली. एवढं सगळं होईपर्यंत सिद्धीनं वाट बघितली. मग तिनं काच सरकवून उघडली, वारा तोंडावर घेतला, आणि पुन्हा विचारलं नाही.